आरशातला कारखाना आणि बाहेरचा कामगार

गेल्या महिन्यात पिरंगुटजवळच्या एका कारखान्यातील चार कामगार भेटावयास आले होते. कारखाना लहान आहे. मोटारींचे सुटे भाग तेथे बनतात आणि चाकणच्या बाजूला जातात. गिऱ्हाईक असलेल्या मोठ्या कंपनीने मालकाला कळविले आहे, की यापुढे प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक पेटीवर आणि प्रत्येक ट्रकवर खुणेची पट्टी अथवा उपकरण बसवावे लागेल. त्यांची माहिती क्षणोक्षणी कंपनीच्या संगणकात जाईल आणि तेथे या कारखान्याचे एक ‘जुळे’ उभे राहील. या व्यवस्थेला ‘डिजिटल ट्विन’ असे म्हणतात. चौघांपैकी एक भगिनी बांधणी विभागात कंत्राटी कामावर आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : “दादा, त्या जुळ्या कारखान्यात आम्ही कुठे असणार?”

मला तेव्हा नीटसे उत्तर देता आले नाही. हा प्रश्न एका कारखान्यापुरता नाही. पिरंगुट, चाकण, रांजणगाव, भोसरी येथील शेकडो कारखान्यांत तो आज ना उद्या येणार आहे, आणि आपल्या कामगार संघटनांनी त्याचा विचार जवळजवळ केलेला नाही. ‘यंत्र आले, विरोध करा’ ही एक वृत्ती आणि ‘तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे, आपल्याला काय कळते’ ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये आपण घुटमळत आहोत. म्हणून या विषयाची मांडणी कार्यकर्त्यांपुढे करणे अगत्याचे वाटले.

हे जुळे म्हणजे काय?

कल्पना फारशी गूढ नाही. एखाद्या वस्तूची, कारखान्याची अथवा कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या संपूर्ण पुरवठा-साखळीची प्रतिकृती संगणकात तयार करावयाची, आणि खऱ्या जगातून येणाऱ्या माहितीने ती सतत ताजी ठेवावयाची. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ साली ही कल्पना मांडली. तिला आजचे नाव अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेतून मिळाले. नकाशा एकदा काढला की जुना होत जातो, हे जुळे मात्र मूळ वस्तूबरोबर बदलत राहते. त्याचा खरा उपयोग ‘असे झाले तर?’ हा प्रश्न विचारण्यासाठी होतो. घाटात दरड कोसळली तर माल कोठून न्यावा? एक पुरवठादार बंद पडला तर किती दिवस निभेल? मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे एकच जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. त्याआधीच्या वर्षी टाळेबंदीने कारखानेच्या कारखाने उभे केले होते. या दोन धक्क्यांनंतर मोठ्या कंपन्यांना अशा जुळ्यांची निकड अधिकच भासू लागली.

हे काम होते कोठे, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो या ज्या कंपन्यांची मोठी कार्यालये आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीला आहेत, त्या जगभरच्या गिऱ्हाइकांना ही सेवा विकतात. ज्या हिंजवडीत एके काळी सहकारी साखर कारखाना उभा राहावयाचा होता, तेथे तो हलवून माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान वसविण्यात आले, असे शरद पवार यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. परदेशी बंदरांची आणि गोदामांची जुळी जेथे बसून रचता येतात, त्या हिंजवडीचेच रस्ते २०२५ च्या पावसाळ्यात पाण्याखाली गेले. ओढे कोठे बुजविले आणि पाणी कोठे जाईल, हा प्रश्न कोणी यंत्राला घातला नव्हता; कारण त्या प्रश्नाचे पैसे देणारे गिऱ्हाईक नव्हते. जुळे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे त्याला प्रश्न कोण विचारतो यावर अवलंबून असते. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

आपली जुनी चूक आणि जुने शहाणपण

संगणकाविषयी आपल्या चळवळीचा इतिहास संमिश्र आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी कडवा लढा दिला. १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाचा विचार करणारी समिती नेमली. बेकारीने ग्रासलेल्या देशात श्रम वाचविणारे यंत्र कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटींवर घ्यावे, हा तेव्हाचा प्रश्न अगदी योग्य होता. तथापि आपल्यातील अनेकांनी अटींचा भाग सोडून दिला आणि विरोध तेवढा धरून ठेवला. आज त्याच विरोधकांची मुले-नातवंडे हिंजवडीत संगणकापुढे बसतात. यंत्र थांबले नाही. अटी मात्र मालकांच्या राहिल्या.

याउलट बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे उदाहरण आहे. १९८३ साली त्यांनी यांत्रिकीकरणासंबंधी बँकांशी करार केला. यंत्रे येणार असतील तर ती कोणत्या कामासाठी, किती आणि कोणत्या संरक्षणासह येतील, हे वाटाघाटीच्या मेजावर ठरले. त्या कराराबद्दल तेव्हाही मतभेद होते. परंतु यंत्र आणण्याचा निर्णय हा केवळ व्यवस्थापनाचा खाजगी अधिकार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आज नेमके तेच तत्त्व विसरले गेले आहे.

मुळशीने एक आराखडा पाहिला आहे

या तालुक्याला तर यासाठी दूरचे दाखले देण्याची आवश्यकताच नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीच्या अभियंत्यांपुढेही मुळशी खोऱ्याचे एक प्रतिरूप होते. ते कागदावर होते इतकेच. त्यात निळा आणि मुळा यांचा संगम होता, पाऊस किती पडतो याचा हिशेब होता, सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याला पाणी सोडले तर किती वीज मिळेल आणि मुंबईच्या गिरण्यांना ती कशी पुरेल याचे गणित होते. गणित अचूक होते. आजही भिऱ्याला वीज निघते. त्या आराखड्यात भाताची खाचरे ‘बुडित क्षेत्र’ म्हणून होती, आणि मावळा शेतकरी कोठेच नव्हता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, ‘जान किंवा जमीन’ अशी प्रतिज्ञा करून तो मावळा स्वतःच धरणाच्या कामावर जाऊन बसला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारखे नेते त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. लढा हरला, धरण झाले, सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली.

त्या लढ्याचा अर्थ ‘वीज नको’ असा लावणे हा मावळ्यांवर अन्याय होय. ज्याच्या जमिनीचा आणि जीविताचा प्रश्न आहे त्याला न विचारता, त्याला हिशेबात न धरता आखलेली योजना मान्य करणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पिरंगुटच्या भगिनींनी विचारलेला प्रश्न या प्रश्नाहून निराळा नाही.

हेलकाव्यांचा भार कोणावर?

आता पुरवठा-साखळीच्या अर्थकारणाकडे वळू. १९६१ साली जे. फॉरेस्टर या अमेरिकन अभियंत्याने आपल्या ग्रंथात एक गोष्ट दाखवून दिली, की दुकानातील मागणी थोडीशी वाढली, तरी घाऊक व्यापारी आणि वितरक आपापली सावधगिरी मिसळत गेल्याने कारखान्यापर्यंत पोहोचताना ती अनेकपट फुगते. मागणी घटली की तशीच कोसळते. साखळीच्या एका टोकाला हात हलला तर दुसऱ्या टोकाला तडाखा बसतो. हा तडाखा सोसण्यासाठी पूर्वी गोदामात साठा ठेवीत. साठ्यात भांडवल अडकते आणि त्यावर व्याज चढते, म्हणून ‘वेळेवर, लागेल तेवढाच माल’ ही जपानी पद्धत आली आणि साठा नाहीसा झाला.

साठा गेला, पण हेलकावे राहिले. मग ते कोण सोसतो? ते कंत्राटी कामगार सोसतो. मागणी वाढली की त्याची पाळी बारा तासांची होते; मागणी घटली की ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप ठेकेदार पाठवितो. गोदामात पडलेल्या मालावर मालकाला व्याज भरावे लागते. घरी बसलेल्या माणसावर त्याला काही भरावे लागत नाही. म्हणून आजच्या व्यवस्थेत माणूस हाच सर्वांत स्वस्त साठा ठरला आहे. त्याच्या जोडीला लहान कारखानदारही सोसतो. १५ मिनिटे उशीर झाल्यास त्याला दंड होतो, परंतु त्याचे बिल मात्र महिनोन्‌महिने अडते. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करण्याची मर्यादा आहे. पेटी दारात कधी पोहोचणार हे मिनिटामिनिटाने सांगणाऱ्या जुळ्याला ४६ वा दिवस कधी उजाडला हे सांगता येत नाही, असे कसे मानावे?

येथेच या तंत्रज्ञानाची दुसरी बाजू प्रकट होते. फॉरेस्टरने दाखविलेले हेलकावे मुख्यतः माहितीच्या अभावाने आणि उशिराने उत्पन्न होतात. साखळीतील प्रत्येकाला खरी मागणी वेळीच दिसली तर ते बरेच शमतात. म्हणजे ज्या कारणासाठी कामगाराला कायम करता येत नाही असे मालक सांगत आले, ते कारणच हे यंत्र दुबळे करते. मागणीचा अंदाज तीन महिने आधी येत असेल, तर तीन महिन्यांचे काम आधी ठरविता आले पाहिजे. ते ठरविता येत असेल, तर रोजच्या रोज माणसे नेमण्याचे समर्थन उरत नाही. आपल्या संघटनांनी हा युक्तिवाद मालकांच्याच आकड्यांच्या आधारे केला पाहिजे. मात्र त्यासाठी ते आकडे आपल्याला दिसले पाहिजेत.

ते दिसले नाहीत तर काय होते, याचा नमुना हरियाणातील मानेसर येथे २०२४ साली दिसला. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या गोदामात, ठरलेले ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिण्यास अथवा शौचालयास जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेवविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ज्या व्यवस्थेत ट्रक क्षणोक्षणी दिसतो आणि तहान दिसत नाही, तेथे याहून वेगळे घडण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

आपल्या तालुक्याचा अनुभव तर याहून दारुण आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या. मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीने करावी लागली. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न विचारण्यासाठीच जे तंत्र जन्मले, त्याला पहिला प्रश्न ‘आग लागली तर आतील प्रत्येक बाई किती क्षणांत आणि कोणत्या दाराने बाहेर पडेल?’ असा विचारला गेला पाहिजे. हे तंत्राला सहज शक्य आहे. इमारतीचा आराखडा, रसायनांचा साठा, आत असलेल्या माणसांची संख्या एवढी माहिती त्यासाठी पुरते.

मालकी बदलली की यंत्राचे काम बदलते

काही मित्र म्हणतील, की हे तंत्र मुळातच भांडवलशाहीचे अपत्य आहे. इतिहास असे सांगत नाही. मर्यादित साधने कोणत्या कामाला लावावीत हे ठरविणारे जे गणित आज या जुळ्यांच्या पोटात चालते, त्याचा पाया १९३९ साली लेनिनग्राडमध्ये कांटोरोविच यांनी एका प्लायवूड उद्योगाचा प्रश्न सोडविताना घातला. १९७५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. चिलीमध्ये अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने १९७१ पासून ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या साह्याने ‘सायबरसिन’ ही योजना आखली. राष्ट्रीयीकृत कारखान्यांतील उत्पादनाची माहिती टेलेक्स यंत्रांवरून रोज राजधानीत यावी, आणि अडचण कोठे आहे हे वेळीच कळावे, अशी ती कल्पना. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी देशाची नाकेबंदी केली तेव्हा याच टेलेक्स जाळ्याच्या आधारे, हाताशी उरलेल्या थोड्या ट्रकांनिशी, सरकारने अन्नधान्याचा व इंधनाचा पुरवठा चालू ठेवला. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने आयेंदे यांच्यासह ती योजनाही संपविली.

चिलीचे गुणगान करून थांबता येणार नाही. त्या योजनेतही कामगाराला प्रत्यक्ष निर्णयात किती स्थान मिळाले, याबद्दल पुढे रास्त टीका झाली. मध्यवर्ती दालनात बसून सारा देश पाहणारी यंत्रणा नोकरशाहीच्या हाती गेली तर ती पाळतीचे साधन होईल, ही भीती समाजवाद्यांनीच सर्वांआधी बोलून दाखविली पाहिजे. भारत सरकारने २०२१ साली ‘गतिशक्ती’ योजना आणली आणि रस्ते, रेल्वे, बंदरे एकाच नकाशावर घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने ‘संगम’ नावाने पायाभूत सुविधांच्या डिजिटल जुळ्याचा उपक्रम जाहीर केला. हे नकाशे ग्रामसभेला, शेतकऱ्याला आणि विस्थापिताला खुले असतील काय, हा प्रश्न मुळशीने विचारावयाचा नाही तर कोणी?

काय मागावयाचे?

महाराष्ट्राकडे यासाठी स्वतःची एक वाट आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने या राज्यात जे केले ते अपूर्व होते. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण हे सांगता येत नसे, म्हणून कोणीच त्याचे देणे लागत नसे. कायद्याने त्रिपक्षीय मंडळे निर्माण केली, हमालाची आणि मालकाची नोंद केली, मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरणे बंधनकारक केले, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान यांची सोय झाली. पुरवठा-साखळीत ओझे वाहणाऱ्या माणसाला हिशेबात आणण्याचे काम संगणक येण्यापूर्वी साध्या खतावणीने केले होते. ते अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लढ्यांमुळे शक्य झाले. आज खतावणीपेक्षा सहस्रपटीने समर्थ साधन हाताशी असताना हमाल, बांधणी करणारी स्त्री, ट्रकचा क्लीनर हिशेबाबाहेर राहत असतील, तर तो दोष तंत्राचा नव्हे. ती मालकवर्गाची निवड आहे.

म्हणून आपल्या संघटनांनी पुढील मागण्या प्रत्येक करारात घालाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, पूर्वसूचनेची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या पद्धतीत कपात होण्याजोगा बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. ‘हे फक्त सॉफ्टवेअर आहे’ या सबबीखाली ती टाळू देता कामा नये. दुसरी, माहितीची. यंत्राचा वेग आणि मालाची वाट नोंदविण्यास हरकत नाही; परंतु व्यक्तिगत कामगाराचा वेग, विश्रांती, शौचालयात जाणे-येणे यांची नोंद करून तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे करारानेच निषिद्ध ठरले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे, म्हणून कायद्यावर विसंबून चालणार नाही.

तिसरी मागणी दर्शनाची. मालक ज्या पडद्यावर कारखान्याचे जुळे पाहतो, तो पडदा मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रतिनिधीलाही पाहता आला पाहिजे. कामाचे तास, हजर कंत्राटी कामगारांची संख्या आणि सुटकेच्या वाटा त्यात अनिवार्यपणे असल्या पाहिजेत. चौथी मागणी लाभाच्या वाटणीची : हेलकावे शमल्याने जी बचत होईल तिचा पहिला हक्कदार आजवर हेलकावे सोसणारा आहे, म्हणून अंदाज जेवढ्या महिन्यांचा, तेवढ्या महिन्यांच्या कामाची हमी. पाचवी मागणी लहान कारखानदारांच्या बाजूने आहे, आणि ती आपण संकोच न करता करावी. माहिती द्यावयाची त्याने, तर मागणीचा अंदाज आणि बिलाची तारीख त्यालाही त्याच पडद्यावर दिसली पाहिजे. मोठ्या भांडवलाविरुद्ध लहान उत्पादक आणि कामगार यांची एकजूट करण्याची ही संधी आहे.

याखेरीज एक रचनात्मक काम आपल्याच हातचे आहे. मुळशीचा आंबेमोहोर पिकविणारा शेतकरी आजही आपला तांदूळ व्यापाऱ्याच्या अंदाजावर विकतो. खाचरात पीक किती, गिरणीत भात किती, पुण्यात मागणी किती, याचे एक साधे प्रतिरूप सहकारी संस्थेला उभारता येणार नाही काय? हिंजवडीत दिवसभर परदेशी गोदामांची जुळी रचणारे तरुण याच तालुक्यात राहतात. अकारण नोकरी जाण्याची धास्ती त्यांनाही आहे. तेही कामगारच आहेत, हे त्यांना आणि आपल्याला अजून पुरते उमगलेले नाही. त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ पौडला अथवा घोटवड्याला बोलवावे. शेतकऱ्याने प्रश्न सांगावा, त्यांनी तो यंत्राला घालावा. पिरंगुटचा कामगार आणि हिंजवडीचा अभियंता एका सतरंजीवर बसले, तर या तालुक्यातील चळवळीला नवे बळ येईल.

त्या चार कामगारांची पुढील बैठक येत्या रविवारी ठरली आहे. मालकाकडे पाठवावयाच्या पत्राचा मसुदा त्या वेळी करावयाचा आहे. पत्रातील पहिले वाक्य त्या भगिनींचा प्रश्नच असावा, असे सर्वांचे मत पडले. मालकाने त्याचे उत्तर लेखी द्यावे, एवढीच सध्या मागणी आहे. ज्या ज्या कारखान्यात आपले सभासद आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न आपापल्या व्यवस्थापनाला विचारावा आणि आलेली उत्तरे एकत्र करावीत. लढा कोठून सुरू करावयाचा हे त्या उत्तरांवरून ठरविता येईल.